खोतीची टिपणं

युरोपातल्या सरंजामदाराने जमिनीच्या बदल्यात राजाला लढायला माणसं द्यायची. रत्नागिरीच्या खोताकडे तलवार कुणी मागितली नाही. त्याने गावाचा सारा भरायचा. आदिलशाहीपासूनची ही रीत. डोंगर, खाड्या, विखुरलेल्या वाड्या. सरकारी माणूस दारोदार कुठवर फिरणार? एक खोत धरला की गाव हाती आलं.

•

सारा भरून उरेल ते खोताचं. कुळाकडून तो भाताला अर्धेल, म्हणजे अर्धं पीक घ्यायचा; वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीला तिर्धेल, म्हणजे तिसरा हिस्सा.

•

हे अर्धं ठरायचं अभावणीने, म्हणजे पिकाच्या अंदाजाने. पीक उभं असतानाच खोताचा माणूस बांधावरून नजर टाकून सांगणार, इतके मण. अंदाज चढा लागला की कुळाचं अर्धं घटलंच. खोताशी वाकडं घेऊन पुढच्या वर्षी कसणार कुणाची जमीन?

•

शिवाय वेठ, म्हणजे बिनमोलाची राबणूक. आठ दिवसांतला एक खोताच्या शेतावर, म्हणून आठवेठ. नांगरवेठ निराळी.

•

1676 साली शिवाजी महाराजांनी कोकणातल्या प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला पत्र पाठवलं. ज्याच्यात कष्टायची ताकद आहे पण बैल नाहीत, त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला दाणे द्या. मुद्दल तेवढं पुढे हळूहळू घ्या. सरकारने रयतेला थेट हात द्यावा, असा हा हुकूम. इंग्रजांना मात्र मधला माणूस सोयीचा वाटला: 1880 च्या कायद्याने खोताचे हक्क कागदावर पक्के झाले.

•

टिळकांचं घराणं दापोलीजवळच्या चिखलगावच्या खोतांचं. केसरीतून त्यांनी खोतांची बाजू मांडली. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. 17 सप्टेंबर 1937 रोजी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक त्यांनी आणलं. एकाच जिल्ह्याची ही दोन माणसं. त्या वेळी शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, चरी गावी, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांचा संप 1933 पासून चालू होता. 1938 च्या जानेवारीत खोती रद्द व्हावी म्हणून शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला.

•

विधेयक तेव्हा तडीला गेलं नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने. अंमल 1950 पासून. खोताच्या खासगी जमिनी त्याच्याकडेच राहिल्या. सारा आता कसणाऱ्याने थेट सरकारात भरायचा. म्हणजे सरकारला दारोदार फिरणं जमत होतंच. चारशे वर्षं ते टाळलं, आणि त्या सोयीची किंमत कुळाने भातात आणि वेठीत मोजली.