क्लिपरमधला प्रोग्राम मोडीत काढण्यापूर्वी

डोंबिवली (पूर्व)

चि. भाच्यास,

एमआयडीसीतील कारखान्याचा हिशेबाचा क्लिपरमधला जुना प्रोग्राम ठेवावा की मोडीत काढावा, या तुझ्या प्रश्नाचा निर्णय करताना भाषा, ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा मूळ कारभार पाहणारी प्रणाली, आणि डेटा या तिन्हींचा विचार वेगवेगळा व्हायला हवा. क्लिपर ही नॅन्टकेट कंपनीने १९८५च्या सुमारास आणलेली, डीबेस या डेटा सांभाळणाऱ्या प्रणालीच्या आज्ञांवर बेतलेली भाषा. तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रामची डॉस या तेव्हाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर थेट चालणारी फाइल तयार होत असल्याने छोट्या कारखानदाराला डीबेस वेगळे विकत घ्यावे लागत नसे. १९९२मध्ये ही कंपनी कॉम्प्युटर असोसिएट्सने घेतली, पुढे डॉस मागे पडला आणि ६४-बिट विंडोजमधून १६-बिट प्रोग्राम चालवण्याची सोयच गेली. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स उपयोगी पडतो खरा, परंतु तो मुळात खेळांसाठी केलेला असल्यामुळे अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या हिशेबाची भिस्त त्याच्यावर ठेवणे योग्य नाही.

भाषा मात्र टिकली आहे. १९९९मध्ये सुरू झालेला हार्बर हा मुक्त कंपायलर क्लिपरचा मजकूर सी भाषेत उतरवतो आणि त्यातून लिनक्स व विंडोज या दोहोंवर चालणारा प्रोग्राम मिळतो. अट एवढीच, की प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ .पीआरजी फाइली हाती असाव्यात. २००५चा व्हॅट आणि २०१७चा जीएसटी यांसारखे बदल ज्यांच्याकडे केवळ .एक्सई, म्हणजे थेट चालणारी तयार फाइल, होती त्यांना प्रोग्राममध्ये करून घेणे जवळपास अशक्य होते.

डेटाची बाब अधिक नाजूक आहे. क्लिपरचा प्रोग्राम ज्यात डेटा साठवतो त्या .डीबीएफ फाइलमध्ये प्रत्येक नोंदीचा पहिला बाइट राखीव असतो. नोंद खोडली की तिथे फक्त तारांकन उमटते, आणि पॅक ही आज्ञा दिल्याखेरीज मजकूर जात नाही. कामगारांची नावे देवनागरीत असतील, तर ती बहुधा संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डाच्या साहाय्याने भरलेली असणार. आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेल्या या कार्डामुळे डॉसच्या इंग्रजी पडद्यावर भारतीय लिप्या दिसू लागल्या, तेही प्रोग्राम न बदलता. या कामाचे मोल आजही पुरेसे ओळखले गेलेले नाही. कार्ड ज्या खाचेत बसे ती नव्या संगणकांत नाही, आणि कार्डाविना इस्की या भारतीय संकेतप्रणालीतला 'क', म्हणजे १७९ हा अंक, डॉसच्या पडद्यावर नुसती उभी रेघ होऊन दिसतो. नावे मात्र फाइलीत जशीच्या तशी असतात. इस्कीतून युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या आजच्या सामाईक संकेतप्रणालीत, ती नेता येतात.

म्हणून प्रोग्राम टाकू नये. जुन्या प्रोग्रामरकडून .पीआरजी फाइली आधी मागवाव्यात, .डीबीएफच्या दोन प्रती काढाव्यात, आणि त्या तपासून होईपर्यंत कुणालाही पॅक चालवू देऊ नये.

तुझा मामा