मुक्कामाच्या गावांवरून पंढरपूर

आळंदी ते पंढरपूर सायकलने जायचं ठरलं, तेव्हा मोबाइलने दाखवलेला जवळचा रस्ता मी घेतला नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचं वेळापत्रक पुढ्यात घेतलं आणि मुक्कामाच्या गावांखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर... जिथे लाखो वारकऱ्यांना पाणी आणि पाठ टेकायला जागा मिळते, तिथे एकट्या सायकलवाल्याची सोय होणारच. सुमारे अडीचशे किलोमीटर, चार दिवस, मार्गशीर्षातली थंडी. सामानात दोन जादा ट्यूब, पंप आणि पंक्चरचं साहित्य घेतलं, कारण या पट्ट्यात सायकल कडेला घेतली की बाभळीचा काटा भेटतोच.

निघताना आळंदीच्या महाद्वारातल्या पहिल्या पायरीशी थांबलो. ही हैबतबाबांची पायरी. तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखी सुरू केली, तेव्हा ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एकत्रच पंढरीला जात. पुढे १८३२च्या सुमारास आरफळच्या हैबतबाबांनी माउलींचा स्वतंत्र सोहळा उभारला. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. दिंड्यांचा क्रम, तळ, शिस्त या सगळ्यांत ती लष्करी नजर दिसते. अंकलीच्या शितोळे सरकारांचे घोडे आजही पालखीबरोबर चालतात. माझ्या कागदावरच्या रेघा अशा एका जुन्या सरदाराच्या आखणीवर बसलेल्या होत्या, याचा मला फार आधार वाटला.

पुणे ओलांडलं की दिवे घाट. खाली वडकीला मस्तानी तलाव, वर पुरंदरचं पठार. पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत लांबचा टप्पा, आणि घाटही त्यातच. घाट सकाळी लवकर चढावा. मी सर्वांत हलका गिअर टाकून चढलो, दोनदा उतरून ढकललीही. सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांची समाधी आहे. धाकट्या भावाच्या गावी मोठ्या भावाची पालखी दरवर्षी मुक्कामाला येते. संध्याकाळी जेजुरी गाठली.

दुसऱ्या दिवशी वाल्हे मागे टाकून नीरेच्या पुलावर आलो. वारीत इथल्या दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात आणि पालखी सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंदपुढे चांदोबाचा लिंब लागतो. आषाढात पहिलं उभं रिंगण होतं ती जागा त्या दुपारी अगदी रिकामी होती. पाण्याची बाटली काढून मी तिथे बराच वेळ बसलो. पालखीचा हा रस्ता आता रुंद झाला, चालणाऱ्यांची कोंडी कमी झाली, हे चांगलंच. पण कडेची जुनी झाडं गेली. पायी जाणाऱ्यांच्या वाटेवरची सावली जाणं हे मोठं नुकसान आहे. नवी झाडं लावून ती जगवलीच पाहिजेत.

फलटण हे शिवरायांच्या पत्नी सईबाईंचं माहेर. इथून पुढे नीरा उजव्या कालव्याचा ऊसपट्टा. हंगामात उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या धावतात, बऱ्याचशा मागच्या दिव्याविना. म्हणून दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठायचा, हा नियम मी एकदाही मोडला नाही.

वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. इथे रामदेवराय यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. १२९०च्या ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचा उल्लेख येतो, तोच हा राजा. चार दिवस ज्या माउलींचं नाव घेत आलो, त्यांच्या काळाचं मराठी इथे दगडावर कोरलेलं उभं आहे.

वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात. तिथे मी उतरलो आणि उरलेली वाट सायकल हातात धरून चाललो. पंढरपुरात महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजी १९४७च्या मे महिन्यात याच गावी उपोषणाला बसले आणि ते उघडलं. मी आधी चोखोबांपुढे वाकलो, मग नामदेव पायरीकडे वळलो.

तुम्हीही जरूर निघा. कार्तिकी एकादशीनंतर माघापर्यंतचे दिवस उत्तम. ऐन आषाढात मात्र सायकल घरी ठेवा. तेव्हा ही वाट चालणाऱ्यांची असते.