नडगी

गेल्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत माझा ठाम समज होता की दम लागत नाही म्हणजे माणूस फिट.

तर झालं असं. जुलैमध्ये हापिसातल्या आम्ही तिघांनी जानेवारीतल्या मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला नावं दिली. दिवसाचे दहा तास खुर्चीत काढणारा मी, सहा आठवड्यांत दहा किलोमीटर न थांबता पळायला लागलो. मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी विश्रांतीची नाडी सांगायचं: ७६, ७१, ६६... हा ग्राफ बायकोला इतक्या वेळा दाखवला की शेवटी तिने फोनवरच चहाचा कप ठेवला. डाव्या नडगीत ठणका होता, पण ग्राफ झकास होता ना! ढीगभर वॉर्निंग्ज आल्या तरी बिल्ड होतंय म्हणून कोड पुढे ढकलणाऱ्यांपैकीच मी एक. सप्टेंबरात एका सकाळी गाडीचा क्लच दाबवेना. एक्सरेत काही नाही, एमआरआयमध्ये सापडलं. स्ट्रेस फ्रॅक्चर. पळणं बंद.

घरात कुढत बसलो होतो, तेव्हा मावसभाऊ म्हणाला, "चल, उद्या तुझ्यासारखेच पेशंट दाखवतो." दादा घोड्यांचा डॉक्टर आहे. पुण्याचा रेसचा सीझन पावसाळ्यातला, त्यामुळे पहाटे रेसकोर्सवर सराव चालू होता. धुकट उजेडात आधी नुसता टापांचा आवाज येतो, मग फुरफुर आणि मग घोडा. भरधाव पळताना घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो, त्यामुळे ती फुरफुर अगदी तालात असते.

दादाने जे आकडे सांगितले ते ऐकून माझा ग्राफ मी खिशातच ठेवला. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस ते चाळीस. पूर्ण वेगात तीच २२० च्या पुढे. वर, घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा राखीव साठा असतो. पळायला लागला की प्लीहा आकसते, तो साठा रक्तात येतो आणि पेशींचं प्रमाण चाळीस टक्क्यांवरून साठच्या वर जातं. थोडक्यात, गरज पडली की आपोआप जास्तीचे सर्व्हर चालू!

"मग अडतं कुठे?" मी विचारलं.

"तुझं अडलं तिथेच," दादा म्हणाला. "हृदय काही आठवड्यांत तयार होतं. स्नायूंना काही महिने लागतात. हाड सगळ्यात मागे."

दोन वर्षांची शिंगरं सरावाला लागली की त्यांच्या पुढच्या पायांच्या नडग्या सर्रास दुखतात. आता नडगी आपली म्हणायची. ते हाड, कॅनन बोन, खरं तर आपल्या तळहातातल्या मधल्या हाडाचं भावंड. भार वाढला की हाड स्वतःला नव्याने बांधायला घेतं, पण त्यासाठी जुनं आधी कोरून काढतं. कोरणं लवकर होतं, भरणं सावकाश. म्हणजे मधले काही आठवडे रस्ता खोदून ठेवलाय आणि डांबर अजून आलेलं नाही, अशी स्थिती (पुणेकरांना जास्त समजवायला नको). नेमक्या त्याच आठवड्यांत हृदय म्हणत असतं, अजून जोरात!

यावर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड न्यूनमेकर यांनी बरंच काम केलं. हाड ज्या भाराची सवय लावाल त्याच भारासाठी घडतं, हे त्यांचं म्हणणं. महिनोन् महिने लांब आणि संथ पळवलेल्या शिंगराचं हाड संथ पळण्यापुरतंच तयार होतं, रेसच्या वेगाला उपयोगी पडत नाही. म्हणून लांबचं पळणं कमी करायचं आणि वेगाचे अगदी छोटे तुकडे सुरुवातीपासून, हळूहळू वाढवत द्यायचे. मी पंधरा दिवसांनी किलोमीटर दुप्पट करत होतो. असो.

परतताना दादाने टेव्हिस कपची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातली घोड्यांची शंभर मैलांची स्पर्धा, १९५५ पासूनची, चोवीस तासांच्या आत संपवायची. वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य उभे. नाडी ठरलेल्या आकड्याखाली आली नाही तर पुढे जायचं नाही. नाडी आली तरी भागत नाही, घोड्याला दुडक्या चालीने पळवून बघतात. लंगडला की बाद, स्वाराला कितीही घाई असो. १९७३ साली गॉर्डी एन्सली या गड्याचा घोडा असाच लंगडल्यामुळे बाद झाला. पुढच्या वर्षी हा पठ्ठ्या घोड्याशिवाय आला आणि तोच रस्ता स्वतः पळत २३ तास ४२ मिनिटांत संपवला. वेस्टर्न स्टेट्स ही शंभर मैलांची मॅरेथॉन त्यातून निघाली. माणसांनी घोड्यांची स्पर्धा उचलली खरी, पण आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर फक्त एक चौकोन होता: "मी तंदुरुस्त आहे." मी टिक करून मोकळा झालो होतो.

नोव्हेंबरात ठणका गेला. मी दादाला फोन केला, आता पळू का? त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोलावलं.

"त्या खांबापर्यंत पळत जा. ये परत."

माझ्या तोंडाकडे त्याने बघितलंसुद्धा नाही, नजर पायांवर.

"पुन्हा."

पुन्हा गेलो. घड्याळात नाडी ११० सुद्धा नव्हती.

"डावा पाय लवकर उचलतोयस," दादा म्हणाला. "बाद."

घरी येऊन त्या दोघांना मेल टाकली. जानेवारीत मी पेडर रोडच्या चढावर केळी घेऊन उभा असेन.