खट् की थप्?

कॉन्व्हेंटमधल्या मुलीने मराठी विभागासाठी लिहायचं म्हणजे आधी थोडी प्रस्तावना करावी लागते. आमच्या शाळेत मराठीचा तास दिवसातून एकच, आणि तोही डबा खाल्ल्यानंतर, डोळ्यांवर झापड असताना! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या हवाली करून मी मोकळी. विषय मात्र माझ्या हक्काचा आहे. कीबोर्ड! पान उलटू नका, मंडळी. वायव्हात विचारतात तसलं काही मी सांगणार नाही.

तर झालं असं, की दोन पोरांना नववीचं गणित शिकवून साठवलेल्या पैशांतून मी साडेतीन हजारांचा एक कीबोर्ड घेतला. विंगमधल्या प्रत्येकीने एकच प्रश्न विचारला, "अगं, लॅपटॉपला आहे की!" आहे ना. पण मला हवा होता तो फक्त दोन कळांसाठी. झेड आणि एक्स. यावर समोरचा माणूस गप्पच बसतो. म्हणून म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकावं.

मी 'ओसू!' नावाचा गेम खेळते. ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्टने तो २००७ साली काढला. मूळ कल्पना निन्टेन्डो डीएसवरच्या २००५ सालच्या एका जपानी गेमची. खेळायला फुकट आहे (हे वाक्य खास होस्टेलवाल्यांसाठी). गाणं वाजत असतं, पडद्यावर गोल उमटतात, प्रत्येक गोलाभोवती एक कडं आकसत येतं. कडं गोलाला टेकलं की त्याच क्षणी कर्सर तिथे हवा आणि बोट कळीवर पडायला हवं. उजव्या हातात माउस, डाव्या हाताची दोन बोटं झेड-एक्सवर. बस्स, एवढंच.

'एवढंच' म्हणजे किती, ते बघा. अवघडपणाचा आकडा ८ असेल, तर पूर्ण गुण मिळायला ठोका बरोबर वेळेच्या ३२ मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे पडावा लागतो. पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यात मिनिटाला १८० मात्रांचं गाणं आलं आणि एका मात्रेत चार ठोके मारायचे असले, तर दोन ठोक्यांमध्ये उरतात ८३ मिलिसेकंद. तबला शिकलेल्यांना हे लगेच कळेल. एका मात्रेत 'ति-र-कि-ट' म्हणायचं, आणि लय द्रुत. दोन बोटं आलटून पालटून चालतात, म्हणजे एका बोटाला खाली जाऊन वर यायला साधारण १६७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात कळसुद्धा वर यायला हवी. इथून स्विचची भानगड सुरू होते.

आपल्या कॉम्प्युटर लॅबमधले कीबोर्ड मेम्ब्रेनचे. प्रत्येक कळीखाली रबराची वाटी. ती पार चेपली की खालचे दोन थर एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. वाटी वर येते ती तिच्या मर्जीने, आणि जुनी झाली की सरकारी फाइलच्या वेगाने. शिवाय सगळ्या कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर असल्यामुळे तीन-चार कळा एकदम दाबल्या तर कुठली दाबली हे कीबोर्डला सांगता येत नाही. मग तो एखादी कळ सरळ गिळतो. माझ्या दोन कळांना त्याने फरक पडत नाही. पण याच गेमचा 'मेनिया' प्रकार सात कळांवर खेळणाऱ्याला पडतो. उपाय आपल्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकातलाच आहे. प्रत्येक कळीला एकेक डायोड.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. आत एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पट्ट्या. जर्मनीच्या चेरी कंपनीने १९८०च्या दशकात 'एमएक्स' नावाचे स्विच काढले आणि त्यांना रंगांची नावं पडली. पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, औटेमू वगैरे चिनी कंपन्यांनी तसलेच स्विच स्वस्तात काढले, म्हणून आज हे आपल्या खिशाच्या आसपास तरी आलंय.

रंगांचा हिशेब थोडक्यात सांगते. निळा म्हणजे 'खट्'. दाबताना मधेच एक तुकडा टिचकी मारतो. तपकिरी म्हणजे 'टुक्'. मधे नुसता उंचवटा लागतो, टिचकी नाही. लाल म्हणजे सरळसोट. मधे काही नाही, तळाला जाऊन आपटला की 'थप्'. लाल दाबायला ४५ ग्रॅमच्या आसपास जोर लागतो, मेसमधल्या उकडलेल्या अंड्याच्या वजनाहूनही कमी. एकूण ४ मिलिमीटर खाली जातो आणि २ मिलिमीटरवर लागतो. काळा तसाच, पण ६० ग्रॅमचा. चंदेरी १.२ मिलिमीटरवरच लागतो, म्हणजे बोट नुसतं टेकवून विचार करत बसलात तरी ठोका पडायची भीती.

निळ्याचा आवाज ऐकायला फार गोड, पण त्याची एक खोड आहे. तो ज्या उंचीवर लागतो, त्याच्या बऱ्याच वर आल्याशिवाय सुटत नाही. भरभर ठोके मारताना बोट तेवढं वर उचलायचं राहिलं, की पुढचा ठोका गेलाच. म्हणून द्रुत लयीला सरळसोट बरा.

यापुढची पायरी म्हणजे चुंबकाचे स्विच. दांड्याला चुंबक आणि खाली हॉल सेन्सर. एडविन हॉलने हा परिणाम १८७९ साली शोधला, आपण तो फिजिक्सच्या जर्नलमध्ये उतरवतो आणि विसरतो! इथे पट्टीला पट्टी टेकतच नाही. कळ किती खाली आहे ते सतत मोजलं जातं. त्यामुळे बोट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढं उचललं तरी कळ सुटली असं धरता येतं. याला 'रॅपिड ट्रिगर' म्हणतात. हॉलंडच्या वूटिंग कंपनीने हे लोकप्रिय केलं, आणि ओसू खेळणाऱ्यांनी ते डोक्यावर घेतलं. परदेशातून मागवायचं तर मात्र मला आख्खी नववी-दहावीची बॅच काढावी लागेल.

आता खरा प्रश्न. याने खेळ सुधारतो का?

मी इंजिनिअरिंगला आहे, तेव्हा मोजल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवलं. गेम संपल्यावर 'अनस्टेबल रेट' नावाचा आकडा दिसतो. आपले ठोके वेळेपासून किती इकडे-तिकडे पडले त्याचं स्टँडर्ड डेव्हिएशन, मिलिसेकंदांत, आणि त्याला दहाने गुणलेलं. माझा साधारण ११० येतो. म्हणजे ११ मिलिसेकंद. हा सगळा माझ्या बोटांचा थरथराट.

आणि यंत्राचा? साधा कीबोर्ड कॉम्प्युटरला सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. ठोका यात कुठेही पडू शकतो. एम-थ्रीचे सर हे वाचत असतील तर त्यांनी मान डोलवावी. एकसमान वितरण, ८ भागिले वर्गमूळ १२, म्हणजे २.३. दोन स्वतंत्र चुका सरळ मिळवायच्या नसतात, त्यांचे वर्ग मिळवायचे. १२१ अधिक ५.३, वर्गमूळ ११.२. संपलं! सेकंदाला हजार वेळा खबर देणारा भारी कीबोर्ड घेऊन माझ्या ११२चे फार तर ११० होतील. कायमचा ठरावीक उशीर असेल तर तो गेममध्येच ऑफसेट लावून वजा करता येतो. त्रास होतो तो उशीर बदलता असला की. आणि माझ्या बाबतीत सगळ्यात बदलती वस्तू माझा हातच आहे.

लॅब असिस्टंट काकांनी एका दुपारी ऑसिलोस्कोप लावू दिला, तेव्हा स्विचची पट्टी टेकल्यावर क्षणभर थरथरते तेही डोळ्यांनी पाहिलं. पुस्तकात ज्याला 'बाउन्स' म्हणतात ते. कीबोर्ड तेवढ्या वेळात दुसरा ठोका मोजत नाही, थोडा थांबतो. सगळं काही मिलिसेकंदांचंच प्रकरण.

म्हणजे थोडक्यात काय, तर आकड्यांवरून स्विच निवडायचा तर फारसं काही हाती लागत नव्हतं. उरलं वजन, कळ वर येण्याची पद्धत, आणि आवाज. त्यातला आवाज माझ्या एकटीचा नव्हता, कारण खोलीत आम्ही तिघी!

आधी शेजारच्या विंगमधून एक निळ्या स्विचचा कीबोर्ड आठवड्यापुरता उसना आणला होता. तिसऱ्या रात्री रेक्टर मॅडमनी दारात उभं राहून विचारलं, "इथं टायपिंग क्लास काढलाय का?" पुढे मी सहा स्विच लावलेला एक छोटा टेस्टर मागवला आणि खिडकीजवळच्या रूममेटला डोळे मिटून ऐकायला बसवलं. (तिसरीला विचारायची गरज नाही. ती कानात कापसाचे बोळे घालूनच झोपते.)

ही रूममेट इचलकरंजीची. त्यांचं घर मागाच्या शेडला लागून. लहानपणापासून ती यंत्रमागाच्या खटाखटीतच झोपलेली. मला वाटलं होतं, हिला कसला आवाजाचा त्रास होतोय! ती म्हणाली, "आवाजाचं काही नाही गं. तू मधेच थांबतेस ना, तेव्हा जाग येते बघ." मग तिने समजावलं. माग चालू असतो तोवर सगळं घर गाढ झोपतं. धोट्यातला धागा तुटला की माग आपोआप थांबतो, आणि आवाज थांबला की तिचे बाबा ताडकन उठून बसायचे. तिलाही तीच सवय लागलेली.

मी तरीही सौजन्य म्हणून सायलेंट लिनिअर स्विच निवडले. हे लालसारखेच, फक्त आत रबराच्या बारीक गाद्या असतात, त्यामुळे वर-खाली आपटल्याचा आवाज येत नाही. कीबोर्ड हॉट-स्वॅप घेतला, म्हणजे सोल्डरिंग न करता स्विच उपटून दुसरा बसवता येतो. सोबत त्याचे मूळचे लाल स्विच डबीत होतेच. खोलीत शांतता झाली. रेक्टर मॅडम खूश, तिसरी बोळ्यांसकट खूश.

खिडकीजवळची मात्र रात्री दोन दोन वाजेपर्यंत कूस बदलायची. २०२४च्या दिवाळीआधी तिच्या बाबांनी आठही माग भंगारात विकले. सूत महाग, वीज महाग, मजुरी निघेना. सुट्टीत घरी जाऊन आली ती म्हणाली, शेड रिकामी आहे, आणि घरात कोणालाच नीट झोप येत नाही. बाबा रात्रीतून चारदा उठून बसतात. धागा तुटला असं वाटतं त्यांना.

मी काय बोलणार? काहीच बोलले नाही. एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री, साडेबाराला, अंधारातून तिचा आवाज आला. "ते जुनं आवाजवालं लाव की जरा."

तेव्हा मोबाइलच्या उजेडात झेड आणि एक्सखालचे दोन सायलेंट स्विच उपटले आणि तिथे साधे लाल बसवले. बाकी सगळे तसेच ठेवले. खाली माझ्या आजीने शिवलेल्या गोधडीची घडी घातली, म्हणजे टेबल घुमत नाही, भिंतीपलीकडे काही जात नाही, खोलीपुरता 'थप् थप्' राहतो. त्या रात्री मी अवघड गाणं लावलंच नाही. मिनिटाला १२० मात्रांचं एक सरळ गाणं घेतलं आणि तेच तेच वाजवत राहिले, न थांबता. पाचव्या वेळेला ती घोरत होती.

तेव्हापासून कीबोर्ड असाच आहे. दोन कळा बोलक्या, बाकीच्या मुक्या. आणि एक गंमत सांगते. सकाळी ब्रश करता करता ती मला सांगते, "काल शेवटी शेवटी तू फार अडखळत होतीस." गेम उघडून आकडा बघते तर खरंच, त्या गाण्याला १३०च्या वर गेलेला असतो!

असो. ज्यांना घ्यायचाच आहे त्यांच्यासाठी. हॉट-स्वॅप घ्या, स्विच पुढे बदलता येतात. दोन बोटांच्या खेळाला सरळसोट स्विच, हलका की जड ते आपल्या बोटाला विचारा. होस्टेलमध्ये निळा घेऊ नका. सात कळांवर खेळत असाल तर सगळ्या कळा एकदम ओळखतो ना, एवढं बघून घ्या. मिलिसेकंदांच्या जाहिरातींवर जास्तीचे पैसे घालवण्याआधी स्वतःचा अनस्टेबल रेट बघा. आणि खोलीत ज्यांच्यासोबत राहता, त्यांना स्विच आधी ऐकवा.

टेस्टर माझ्याकडे आहे. हवा असेल त्यांनी न्यावा, परत मात्र आणून द्यावा. फक्त रात्री अकरानंतर दार वाजवू नका. मी वाजवत असते, आणि मधे थांबले की एकजण जागी होते.