संसाराची नोंदवही

मराठीत ‘संसार थाटणे’ आणि ‘संसार मांडणे’ असे दोन वाक्प्रचार आहेत. वरवर पाहता दोहोंचा अर्थ एकच. परंतु थाटण्यात पैशाचा भाग अधिक, तर मांडण्यात हाताचा. आमच्या पिढीतील हुमनाबाद परिसरातील बहुतेक नोकरदार मराठी कुटुंबांना थाटणे परवडणारे नव्हते. आम्ही संसार मांडले. ते कसे मांडले, याची नोंद कोठे तरी व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचा विवाह 1986 साली झाला. सौभाग्यवतीचे माहेर उदगीर. तिचे आजोबा आणि माझे आजोबा एकाच बिदर जिल्ह्याचे रहिवासी. 1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्याची भाषावार विभागणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. पुढे 1982 मध्ये उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. त्यामुळे पूर्वी जी मुलगी शेजारच्या तालुक्यात ‘दिली’ असे म्हटले गेले असते, ती आता परराज्यात दिली गेली. एस.टी.तून उतरल्यावर दुकानांच्या पाट्या तिला वाचता येईनात. बाजारात कन्नड आणि दखनी, कचेरीत कन्नड. मराठी उरली ती उंबऱ्याच्या आत. अशा गावी घर सजविणे ही केवळ हौस नव्हती. परक्या गावात आपली म्हणता येईल अशी जागा तयार करणे, हाच त्यामागील हेतू होता.

तिच्यासोबत रुखवत आले होते. मॅटीच्या कापडावर टाक्यांनी भरलेले ‘सुस्वागतम्’, मोत्यांचे तोरण, क्रोशाचा रेडिओवरील रुमाल आणि आगपेटीच्या काड्यांचे बंगलीवजा घर. त्या काळी अशा वस्तू लग्नमंडपात चार घटका मिरवून पेटीत जात असत. सौ.ने मात्र एकही वस्तू पेटीत राहू दिली नाही. तोरण दाराला लागले. ‘सुस्वागतम्’ भिंतीवर आले. गावात ती अक्षरे वाचू शकणारी घरे मोजकीच. तरीही येणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून ती पाहत असे.

घर भाड्याचे, दोन खणांचे. लाल जांभ्या दगडाच्या भिंती, खाली शहाबादी फरशी आणि वर माळवद. मालकीणबाईंना आम्ही ‘अव्वा’ म्हणत असू. भिंतींना पोपडे आले होते आणि रंगाऱ्याला बोलाविण्याइतकी ऐपत नव्हती. तेव्हा एका शनिवारी रात्री जुन्या घागरीत कळीचा चुना भिजत घातला. रविवारी तो धोतराच्या फडक्यातून गाळला, त्यात शिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ घातली आणि कुंचा हाती घेतला. चुन्याचा पहिला हात ओला असताना काहीच दिसत नाही. भिंत पूर्वीपेक्षाही कळकट वाटू लागते. सौ. हिरमुसली. अव्वा दारात उभ्या राहून कन्नडमध्ये काही म्हणाल्या. मी अर्थ सांगितला, ‘उद्या सकाळी पाहा, म्हणतात.’ सकाळी भिंत वाळून पांढरीशुभ्र झाली होती. दुसरा हात आडवा आणि तिसरा पुन्हा उभा द्यायचा, हे त्यांनीच शिकविले. हाताची आग होऊ नये म्हणून खोबरेल तेलाची वाटीही त्यांनीच आणून ठेवली. ‘नाळे’ म्हणजे ‘उद्या’, हा सौ.चा पहिला कन्नड शब्द.

किराणा दुकानातून चहाची दोन रिकामी खोकी मिळाली. प्लायवूडची, कडांना पत्रा मारलेली. एकावर एक ठेवून समोर जुन्या साडीचा पडदा सोडला, की पुस्तकांचे कपाट तयार. दुसऱ्या साडीचे दोन तुकडे खिडक्यांना गेले. माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून पोळपाट-लाटणे आणि पितळेची लहान समई आणली. पावसाळ्यापूर्वी माळवदावरचे गवत उपटून पांढरी माती पसरायची, हे काम मात्र मी दर वर्षी करीत असे. ते चुकले, की मृगाच्या पहिल्याच सरीला घरात पातेली मांडावी लागतात, हे आमच्याकडील जाणकारांना सांगायला नको.

पहिल्या हिवाळ्यात सासूबाईंनी आपली जुनी लुगडी पाठविली. आपण ज्याला गोधडी म्हणतो, त्याला इकडे कन्नडमध्ये कौदी म्हणतात. सौ. आणि अव्वा दुपारी ओसरीवर समोरासमोर बसून धावदोरा घालीत. अव्वांनी आपल्या एका जुन्या इरकली साडीचा काठ त्यात जोडला. महिनाभरात गोधडी पुरी झाली आणि दोघींची एकमेकींच्या भाषेशी ओळखही. उदगीरची लुगडी आणि हुमनाबादचा काठ असलेली ती गोधडी अद्याप आमच्या घरी आहे. कापड विरले आहे. धागे शाबूत आहेत.

आहेरात आलेल्या भांड्यांचीही एक कथा आहे. भांड्यावर नाव घालण्याची आपली रीत कोणी हास्यास्पद मानो; मला ती फार मोलाची वाटते. तांब्या, वाटी, डबा, प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख. आमच्या फळीवर सारी नावे देवनागरीत होती. केवळ एका स्टीलच्या डब्यावर माझ्या कचेरीतील सहकाऱ्यांनी कन्नडमध्ये नावे घातली होती. ती नावे वाचता यावीत, याच हट्टाने सौ. कन्नड मुळाक्षरे शिकली.

विकत घेतलेली वस्तू म्हणावी अशी एकच. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसानिमित्त, तीन पगारांतून थोडे थोडे बाजूला ठेवून, बिदरहून बिदरी कामाची एक लहान सुपारीची डबी आणली. ती घडताना आम्ही कारागिराजवळ बसून पाहिले. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेला घाट, त्यावर छिन्नीने कोरलेली वेल, त्या रेषांत ठोकून बसविलेली चांदीची तार. शेवटी नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातील, वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेली माती पाण्यात उकळून त्यात ती वस्तू घातली जाते. धातू काळाभोर होतो आणि चांदी तशीच उजळ राहते. या कलेला 2006 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि 2023 मध्ये बिदरचे ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. त्या दिवशी सौ.ने डबी तेलाचे बोट लावून पुसली आणि शेजाऱ्यांना दाखवून आली.

गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांचा विवाह झाला. दोघे पुण्यात भाड्याच्या सदनिकेत राहतात. भिंतीला खिळा ठोकण्यास करारातच मनाई आहे. चुना देणे तर दूरच. घरातील सामान बहुतेक सारे घरपोच आले. त्यावर नापसंती दर्शविण्याचा मला अधिकार नाही. त्यांना वेळ नाही, आम्हाला पैसा नव्हता. सूनबाईंनी आपल्या आईच्या साड्यांचे उशांचे अभ्रे शिवले आहेत, ते पाहून सौ.ला समाधान वाटले. दिवाळीला त्या येथे आल्या, तेव्हा फळीवरील कन्नड अक्षरांचा डबा हाती घेऊन त्यांनी विचारले, ‘आई, हा कोणी दिला?’ सौ. सांगू लागली आणि सांगता सांगता दोन नावांपाशी अडली. मलाही ती आठवेनात. डब्यावरील अक्षरे घासून घासून पुसट झाली होती.

त्याच रात्री मी एक वही घेतली. सरकारी सवयीप्रमाणे वर ‘डेड स्टॉक रजिस्टर’ असे लिहिले आणि रकाने आखले: वस्तू, वर्ष, किंमत, शेरा. सौ.ने वही पाहून दोन दुरुस्त्या सुचविल्या. मथळा खोडायचा, कारण यात मृत काही नाही. आणि किमतीच्या जागी ‘कोणाचा हात लागला’ असा रकाना घालायचा. दोन्ही सूचना मान्य झाल्या. गोधडीपुढे सासूबाईंचे, अव्वांचे आणि सौ.चे अशी तीन नावे आली. त्यांपैकी दोघी आज हयात नाहीत. आतापर्यंत 41 नोंदी झाल्या आहेत. सूनबाई दूरध्वनीवरून विचारतात आणि पुण्यातील त्यांच्या वस्तूंसाठी आम्ही मागची काही पाने कोरी ठेवली आहेत.

आपल्या जुन्या मराठी घरांतून अशी भांडी, तोरणे, गोधड्या अजून पुष्कळ असतील. मुले पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे स्थिरावली आहेत. घरे आवरली जात आहेत. वस्तू किती जपता येतील, ते ज्याच्या त्याच्या जागेवर अवलंबून आहे. परंतु एक दोनशे पानी वही कोणत्याही घरात मावते. सांगणारे माणूस घरात आहे, तोवर ती लिहून घ्यावी, एवढीच वाचकांना विनंती.