आठवणींची जबानी

सोलापुराहून वाडीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कर्नाटकाच्या सीमेला टेकून, अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे बाजारपेठेचे गाव वसलेले आहे. तेथे तुरीच्या हंगामात एखाद्या आडतीच्या ओट्यावर घटकाभर बसणाऱ्यास असे दिसते, की हमाल 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणत पोती मोजतो आहे, शेजारचा मुनीम तीच पोती वहीत मराठी अंकांनी मांडतो आहे, आणि बेरजेत कोठे अडलाच तर तोही ओठांतल्या ओठांत कानडीचाच आश्रय घेतो आहे. मराठी त्याला शाळेने दिली. पण पहिली गणती ज्या भाषेत जिभेवर बसली, ती अडचणीच्या वेळी न बोलावता हजर होते.

स्मृती म्हणजे मामलेदार कचेरीतले दप्तर, रुमाल सोडला की हवा तो कागद जसाच्या तसा हाती यावा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आमच्या नैयायिकांना हा भाबडेपणा मान्य नव्हता; केवळ संस्कारापासून उपजणारे ज्ञान म्हणून त्यांनी स्मृतीला यथार्थ अनुभवाच्या पंक्तीत बसूच दिले नाही, आणि मला तर हा निवाडा पुष्कळसा न्याय्य वाटतो. जर्मन पंडित एबिंगहाउस याने 1885 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विस्मरणाचे मोजमाप मांडले: पाठांतराच्या श्रमाचे फळ पहिल्या तासातच निम्म्याहून अधिक ओसरते, पण उरलेले मात्र फार सावकाश झिजते, आणि महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. हे काम चिकाटीचे खरे. परंतु ज्या अक्षरांना ना अर्थ, ना गाव, ना माणूस, त्यांच्यावरून जगलेल्या आयुष्याचा ठाव किती लागावा?

तो शोध केंब्रिजच्या बार्टलेटने घेतला. अमेरिकेतील आदिवासींची एक भुताखेतांची कथा त्याने इंग्रज वाचकांना वाचावयास देऊन पुनःपुन्हा सांगावयास लावली, तेव्हा अपरिचित तपशील गळत गेले, होडक्याच्या जागी ओळखीची नाव आली, आणि कथा हळूहळू सांगणाऱ्याच्या संस्कृतीत बेमालूम मिसळून गेली. 1932 च्या त्याच्या ग्रंथाचे सार असे, की आठवणे म्हणजे पुन्हा रचणे. पुढे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दाखविले, की अमेरिकेत स्थायिक झालेल्या रशियनांस रशियन भाषेत विचारले असता रशियन बोलत असतानाच्या काळातील आठवणी अधिक येतात, इंग्रजीत विचारले असता इंग्रजीच्या काळातील. दुधनीच्या मुनिमाला या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटू नये.

मला मात्र यातून एक वेगळीच काळजी वाटते. 1948 च्या सप्टेंबरात हिंदी फौजा सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरल्या. निजामी मुलखाच्या हद्दीवरच्या या टापूत त्या दिवसांच्या धास्तीच्या, रात्री-अपरात्री आश्रयाला आलेल्या आप्तांच्या आठवणी सांगणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत. जी उरली त्यांच्यापाशी जिल्ह्याच्या गावाहून कोणी अभ्यासक जातो, शुद्ध मराठीत प्रश्न विचारतो, आणि शाळेच्या पुस्तकातून व सभांमधून ऐकलेला मजकूर जबानी म्हणून टिपून घेऊन परततो. सांगणारा खोटे बोलत नसतो. त्याला त्या भाषेत तेवढेच आठवत असते. त्याच्या आईने भिंतीआड दबक्या आवाजात काय सांगितले, चुलीवरचे काय तसेच टाकून माणसे निघाली, हे सारे कानडीत घडलेले असते, आणि ते कोणी विचारलेलेच नसते.

म्हणून सीमाभागात वृद्धांच्या आठवणी टिपावयास निघालेल्या मंडळींना एवढीच विनंती, की घरची भाषा जाणणारा माणूस बरोबर न्यावा, जबानी एकदा मराठीत आणि एकदा कानडीत घ्यावी, आणि दोहोंत फरक पडला तर कोणतीही एक खोटी न ठरविता दोन्ही दप्तरी ठेवाव्यात.