अळवावरचे पाणी

हाती चार पैसे आले की माणसाला आधी गरज आठवते, असे आमच्या महाविद्यालयातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक नेहमी सांगतात. शास्त्र त्यांचे आहे, तेव्हा ते खरेच असेल. माझा अनुभव मात्र निराळा आहे. गेल्या फाल्गुनात पगाराच्या थकबाकीचा एक हप्ता खात्यात जमा झाला, आणि मला आधी आठवली ती गाडीची चमक.

गाडी म्हणजे काही फार मोठे प्रकरण नव्हे. नऊ वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवून एकदाचा कायम झालो, त्यानंतर घेतलेली ही दुसऱ्याच्या हातची गाडी. २०१७ सालची, गडद निळी. पण आमच्या घराण्यातली पहिली. माझे वडील, आण्णा, आयुष्यभर गाडीच चालवीत होते. पण ती एस. टी. महामंडळाची. जालना-अंबड-घनसावंगी या रस्त्यावरचा एकन् एक खड्डा त्यांना नावानिशी ठाऊक. आमची गाडी दारात आली त्या संध्याकाळी शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले, आमच्या सौ.ने चाकांखाली लिंबे ठेवली, आणि आण्णांनी काठी टेकीत गाडीभोवती एक फेरी मारून, वाकून, मागच्या टायरवरचा एक आकडा वाचला. २३१७.

"तेविसावा आठवडा, सन सतरा," ते म्हणाले. "टायरं गाडीच्याच वयाची हायेत. बदलून घे."

मी 'हो' म्हणालो. वडिलांना 'हो' म्हणायची मला लहानपणापासून सवय आहे.

आता चमकेविषयी. आमच्या गावाबद्दल 'जालना सोने का पालना' अशी जुनी म्हण आहे. सोन्याचे मला ठाऊक नाही. पण पोलादाचा पाळणा मात्र हे गाव खचित आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या आणि रोलिंग मिल यांतून निघालेल्या सळया दूरदूरच्या इमारतींत जाऊन बसल्या आहेत. कारखान्यांच्या बाजूला गाडी उभी राहिली की हवेतली लोखंडाची बारीक कणी तिच्यावर बसते, रंगात रुतते आणि पहिल्या दमट दिवशी गंजून तांबूस ठिपका होते. त्यात वैशाखातले ऊन, त्यात रस्त्यावरची धूळ आणि त्यात बोअरचे जड पाणी. एवढ्या सगळ्यांतून गडद निळा रंग निळाच ठेवणे म्हणजे मराठवाड्यात बदक पाळण्यापैकी आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या ज्या दुकानात मी शिरलो त्याचे नाव सांगत नाही. दोष त्या दुकानाचा नसून शिरणाराचा होता. आत रुग्णालयासारखा पांढरा उजेड होता. एक तरुण पुढे आला आणि वाकून नमस्कार करून म्हणाला, "सर, ओळखलं नाहीत? मी तुमचा विद्यार्थी." माझ्या तासाला शेवटच्या बाकावर हा मुलगा डोके टेकून असे, एवढे आठवले. वर्गात त्याच्या तोंडून एक वाक्य सरळ निघत नव्हते. इथे मात्र त्याची वाणी नुसती वाहत होती. "सर, सिरॅमिक कोटिंग म्हणजे गाडीला काचेचं कवच. कठीणपणा नऊ एच. हिऱ्याच्या खालोखाल! तीन वर्षं ओरखडा नाही, धूळ नाही, पाणी नाही. बाहेर चाळीस घेतात. तुम्हाला २८,०००."

विद्यार्थ्याला अलंकार समजले नाहीत म्हणून मी त्याला कधी काळी कमी गुण दिले होते. अतिशयोक्तीचे इतके शुद्ध उदाहरण मला स्वतःला कधी सुचले नाही.

पैसे भरून झाल्यावर मी अभ्यास केला. प्राध्यापकाचा अभ्यास बहुधा असाच मागाहून होतो. 'सिरॅमिक' हा शब्द मुळात ग्रीक, कुंभाराच्या मातीचा. म्हणजे मी गाडीला मडक्याचा लेप देऊन आलो होतो! लेप असतो तो प्रामुख्याने सिलिकाचा, वाळू आणि काच जिच्यापासून होतात त्याच कुळातला. द्रवरूपात फासतात, जास्तीचा पुसून घेतात आणि उरलेला हवेत सुकून रंगाला घट्ट धरतो. त्याची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुम्ही आता हातात धरलेले हे दिवाळी अंकाचे पान सत्तर-ऐंशी मायक्रॉनचे असेल. गाडीच्या रंगावर कारखान्यातच जे पारदर्शक रोगण चढवलेले असते ते या पानाहूनही पातळ, चाळीस-पन्नास मायक्रॉनचे. आणि माझे काचेचे कवच म्हणजे या पानाचा फार तर चाळिसावा हिस्सा.

आणि तो नऊ एच? तो हिऱ्याच्या खालोखालचा नव्हेच. खनिजांच्या कठीणपणाची जी मोजपट्टी फ्रीडरिख मोज या जर्मन पंडिताने १८१२ साली बसवली, तीत हिरा दहावा. आमच्या विद्यार्थ्याचा नऊ मात्र शिसपेन्सिलीचा! रोगणावर ठरावीक वजनाने पेन्सिल ओढून पाहतात. ओरखडा न उठवणारी सर्वांत कठीण पेन्सिल कोणती, तो त्याचा क्रमांक. तेव्हा नऊ एच म्हणजे 'पेन्सिलीला दाद देत नाही' इतकेच. वाळूतली गारगोटी मोजच्या पट्टीवर सातवी आहे. तिच्यापुढे पेन्सिलीचा काय पाड! माझ्या गाडीवर पेन्सिलीने कोणी लिहील अशी भीती मला कधीच नव्हती. विद्यार्थी पेन्सिल आणतातच कुठे?

हे सगळे खरे असले, तरी गाडी परत मिळाली त्या दिवशी मी हरखून गेलो होतो, हे कबूल केले पाहिजे. लेप चढवण्याआधी त्या मुलांनी तिला दोन दिवस न्हाऊ-माखू घातले. कसलासा रस शिंपडला, तेव्हा लोखंडाच्या कणीकणीतून जांभळे ओघळ निघाले. जालन्याची सारी औद्योगिक प्रगती माझ्या बॉनेटवरून वाहत गेली. मग मऊ मातीची वडी सर्वांगावर फिरवली, मग यंत्राने घासून चकाकी आणली. खरी मेख इथेच आहे. जी चमक पाहून आपण दिपून जातो ती बहुतेक या घासण्याची असते. लेप ती फक्त काही काळ धरून ठेवतो. नुसते घासून घेतले असते तर काम थोड्या हजारांत भागले असते. आणि हे घासणेसुद्धा फुकट नाही; दर वेळी मूळ रोगणाचे एक-दोन मायक्रॉन जातात. म्हणजे एक-दोन मायक्रॉनचा लेप द्यायचा म्हणून तेवढेच आधी खरवडून काढायचे! हा व्यवहार मी आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना समजावून सांगितला. ते गप्प बसले.

दारात गाडी उभी करून सौ.ने तिच्यावर तांब्याभर पाणी ओतले. पाण्याचे मोती झाले आणि घरंगळत खाली गेले. "अगंबाई, अळवाच्या पानासारखं!" ती म्हणाली. तिचे म्हणणे विज्ञानाला धरून होते. अळू किंवा कमळाचे पान पाणी धरत नाही ते त्यावरच्या मेणाच्या अतिसूक्ष्म उंचवट्यांमुळे. लेपसुद्धा आपल्या परीने तेच काम करतो. पण आपल्या पूर्वजांनी अळवावरचे पाणी बघून पानाचे कौतुक केले नाही. त्यांना पाण्याचे क्षणभंगुरपण दिसले. मराठीचा अध्यापक असून मला ते त्या दिवशी सुचले नाही.

रामनवमीला आम्ही जांब समर्थला गेलो. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. आणि रामनवमी हा त्यांचाही जन्मदिवस. आण्णांचा जुना रस्ता. वाटेत ते माझ्या शेजारी बसून गिअर कुठे बदलायचा ते पायाने सांगत होते. परतल्यावर दारात उतरताना त्यांचा तोल किंचित गेला आणि काठीच्या टोकाची लोखंडी टोपी दारावरून वितभर घासत गेली.

मी काहीच बोललो नाही. हेच माझे चुकले. बोललो असतो, चिडलोसुद्धा असतो, तर आण्णांनी दोन शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटले असते. मी खाली बसलो, रुमालाने तो ओरखडा पुसून पाहिला, बोटाने चाचपून पाहिला आणि हमीपत्र काढायला आत गेलो. हमीपत्रात खडे, ओरखडे, पाण्याचे डाग, वेळीच न पुसलेली पाखरांची शीट, या सर्वांना वगळले होते. शिवाय दर सहा महिन्यांनी पैसे भरून तपासणी करून घेतली नाही तर हमीच रद्द. बाहेर आलो तेव्हा आण्णा ओसरीवर काठी आडवी मांडीवर घेऊन बसले होते.

त्यानंतर आण्णा गाडीत बसेनात. डोळ्यांच्या तपासणीला संभाजीनगरला जायचे, तर ते पहाटे उठून एकटेच स्टँडवर. "मला एस्टीत तिकीट लागत न्हाई. तुमचं पेट्रोल कशाला जाळता?" हेही खरे होते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एस. टी. चा प्रवास मोफत आहे, आणि आण्णा सत्त्याहत्तरचे. इतक्या चोख सबबीपुढे माझी बोलती बंद झाली.

वैशाखात दुसरा प्रकार घडला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे टाकाऊ पाणी निघते ते सौ. बादलीत साठवते. ती बादली मी मोठ्या काटकसरीने गाडीवर ओतली आणि कॉलेजला गेलो. परतलो तेव्हा निळ्या बॉनेटवर पांढरी रांगोळी उमटली होती. यंत्र पाण्यातले क्षार काढून टाकते ते त्या टाकाऊ पाण्यातच, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आणि लेपामुळे पाण्याचे मोती होतात ते घरंगळले नाहीत तर जागच्या जागी उन्हात सुकून एकेक क्षाराचे वर्तुळ मागे ठेवतात. पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने काही डाग गेले, काही राहिले.

मी लेपावर नाहक चिडलो आहे असे वाचकांना वाटेल. तसे नाही. उन्हात उभ्या राहणाऱ्या गडद गाडीला त्याचा उपयोग होतो. चिखल आणि किडे लवकर सुटतात, धुणे निम्म्या वेळात होते. नवी गाडी आठ-दहा वर्षे ठेवायची असेल आणि पैसा जड झाला असेल तर खुशाल करावे. त्याच दुकानात एक पारदर्शक फिल्मही होती, दीड-दोनशे मायक्रॉनची. ती मात्र समृद्धी महामार्गावर उडणारे खडेसुद्धा झेलते आणि बारीक ओरखडे उन्हाच्या उष्णतेने आपोआप भरून काढते. पण तिचा दर ऐकून मी पाणी मागितले. माझ्यासारख्याने काय करावे? स्वच्छ पाणी भरपूर वापरून आधी धूळ वाहून जाऊ द्यावी, मगच कापड लावावे. कारण निम्मे ओरखडे हे सकाळी कोरड्या फडक्याने गाडी 'झटकून' घेण्याचे असतात. सावलीत धुवावे, लगेच पुसावे. तीन-चार महिन्यांनी मेणाची डबी उघडावी. सातशे रुपयांची डबी वर्षभर पुरते.

लहानपणी आमच्या गल्लीत कल्हईवाला येई. भाता, निखारे, कथील, नवसागराचा तो नाक झोंबवणारा धूर. आई पितळी पातेली घेऊन रांगेत उभी राही. तो चांदीसारखा लेप पातेल्याच्या आतून असे, जिथे आंबट वरण लागायचे तिथे. बाहेरून राख आणि चिंच. गाडीचा गंजसुद्धा बॉनेटच्या चकाकीवरून सहसा सुरू होत नाही. तो चाकांच्या कमानीत साचलेल्या चिखलापासून, दारांच्या खालच्या बुजलेल्या भोकांपासून लागतो. तिथे हात घालायला २८,००० पडत नाहीत, पण तिथे पाहुण्यांची नजरही पडत नाही.

श्रावणात सौ.ची भिशी लागली. तिने न विचारता पैसे माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "अहो, टायर." चार टायरांना २१,००० लागले. जुनी टायरे काढणाऱ्या माणसाने त्यातले एक माझ्यापुढे धरले. दोन चरांच्या मधोमध बारीक भेगा होत्या, उन्हाळ्यातल्या शेतजमिनीसारख्या. याच टायरांवर मी सबंध घर जांबला नेऊन आणले होते.

परवा आण्णांच्या डोळ्यांची तारीख होती. मी नवे टायर दाखवायला म्हणून त्यांना बाहेर बोलावले. त्यांनी वाकून आकडा वाचला, अंगठ्याने चर दाबून पाहिला आणि पुढचे दार स्वतः उघडले. आत बसताना त्यांनी काठी माझ्या हातात दिली. तिच्या टोकाच्या लोखंडी टोपीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवून वर सुतळीने घट्ट बांधलेला होता. रबर टोकाशी झिजून गुळगुळीत झाले होते. म्हणजे आजचे नव्हते, चैत्रातलेच असावे.

"आता घासायची न्हाई," आण्णा म्हणाले. "हवा बघितली का?"